गावानं मागून घेतलेला कर

नगरपालिकेच्या जाहीर नोटिशीच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. कोणाची हरकत असल्यास त्यांनी मुदतीत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. कृष्णाकाठच्या एका लहान नगरपालिकेच्या कर विभागात मी नोकरी केली. घरपट्टीची फेरआकारणी, नव्या रस्त्याची आखणी, बाजारफी अशा कितीतरी नोटिसा माझ्या टेबलावरून गेल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी ही ओळ होतीच. पुढे जुने कायदे हाती आले आणि ध्यानात आलं, की आपल्याकडची छोटी शहरं कायद्यानं जन्माला आली ती याच रीतीनं. आधी गावानं अर्ज करायचा, मग सरकारनं जाहिरात काढायची, हरकती ऐकायच्या आणि गावाची इच्छा दिसली तरच नगरपालिका स्थापन करायची. हा क्रम १८५० साली घालून दिला गेला. त्या काळात भारतीय माणसाला राज्यकारभारात मत विचारणारे कायदे जवळजवळ नव्हतेच. म्हणूनच रस्ते, गटारं आणि दिवाबत्ती यांसाठी झालेला हा कायदा मला फार मोलाचा वाटतो.

गटाराला धनी कोण?

नगरपालिका नव्हत्या तेव्हा कसब्याचा कारभार कसा चाले? सारावसुलीसाठी पाटील-कुलकर्णी असत, पेठेत शेटे-महाजन असत. व्यापाऱ्यांवर आणि कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर बसे, मालावर जकात बसे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात कोतवाल होता. विहिरी, घाट, धर्मशाळा बऱ्याचदा कुणा दात्याच्या नाहीतर दरबाराच्या पैशातून उभ्या राहत. पण बांधून झालेल्या घाटाची डागडुजी आणि रोजच्या रोज साचणारा कचरा यांसाठी कायमची तरतूद क्वचितच असे.

इंग्रजी अमलात १८४४ साली मुंबई इलाख्यात एक मोठा बदल झाला. त्या वर्षीच्या १९ व्या कायद्यानं शहरातल्या जकाती आणि धंद्यांवरचे कर रद्द केले. व्यापाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. जमिनीचा सारा मात्र सरकारी खजिन्यात जातच राहिला आणि तो गावच्या गटारासाठी परत येत नसे. म्हणजे गावात पैसा फिरत होता, पण गावाचा म्हणून एकही पैसा नव्हता.

सातारा भागात याच सुमाराला राज्यच बदललं. १८४८ साली शहाजी महाराज वारले, डलहौसीनं दत्तक नामंजूर केला आणि सातारचं राज्य खालसा झालं. ज्या गावांनी आजवर छत्रपतींच्या दरबाराकडे पाहिलं होतं, त्यांच्यापुढे आता कलेक्टर आणि मामलेदार उरले.

दोन कायदे

पहिला प्रयत्न बंगालमध्ये झाला. १८४२ च्या दहाव्या कायद्यात दोन तृतीयांश घरमालकांनी मागणी केली तर गावात सुधारणेसाठी समिती नेमता येई, पण पैसा घरांवरच्या करातूनच उभा करायचा होता. एका गावात कर मागायला माणूस गेला तेव्हा लोकांनी पैसे तर दिले नाहीतच, उलट कलेक्टरवरच बेकायदा प्रवेशाची फिर्याद लावली. थेट घरावर बसणारा कर किती अप्रिय असतो हे कर विभागात काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मग १८५० चा २६ वा कायदा आला. तो सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी होता आणि सक्तीचा नव्हता. गावच्या रहिवाशांनी अर्ज करायचा. सरकार जाहिरात देऊन हरकती मागवणार, त्यांचा विचार करणार आणि कायदा लागू होणं हे रहिवाशांच्या इच्छेला धरून आहे अशी खात्री झाली तरच तो लागू करणार. त्यानंतर मॅजिस्ट्रेट आणि सरकारनं नेमलेले काही रहिवासी मिळून समिती होई. रस्ते, गटारं, तलाव बांधणं आणि दुरुस्त करणं, झाडलोट, दिवाबत्ती, पहारा, उपद्रव थांबवणं ही कामं तिच्याकडे असत आणि त्यासाठी नियम करण्याचा अधिकारही तिला होता.

खरी मेख पुढे होती. कर कोणता बसवायचा हे या कायद्यानं मोकळं ठेवलं होतं. घरांवर बसवा किंवा गावात येणाऱ्या मालावर बसवा. या मोकळिकीमुळे कायदा मुंबई इलाख्यात चांगलाच रुजला. पनवेलची नगरपालिका १८५२ ची. त्यानंतर नुकत्याच खालसा झालेल्या सातारा मुलखात एकामागून एक गावं पुढे आली. सातारा, रहिमतपूर, आष्टा आणि तेव्हाचं इस्लामपूर १८५३ साली, विटा १८५४ साली, कराड आणि वाई १८५५ साली, म्हसवड १८५७ साली. त्याच १८५५ साली पंढरपूरलाही नगरपालिका झाली. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली ते सालही १८५३. म्हणजे आगगाडी अजून पुण्यालाही पोचली नव्हती, तेव्हा रहिमतपूर-आष्ट्यासारख्या बाजाराच्या गावांमध्ये नगरपालिका आलेली होती.

या अर्जांमागे अधिकाऱ्यांचा रेटा नसेलच असं मी म्हणत नाही. मामलेदारानं सुचवलं आणि चार प्रतिष्ठितांनी सह्या केल्या, असं घडणं त्या काळात अगदी शक्य होतं. तरीही गावाच्या इच्छेशिवाय हा कर बसवता येणार नाही, एवढं सरकारनं कागदावर कबूल केलं होतं आणि कागदावरची कबुली पुढच्या पिढ्यांना कामाला येते.

नाका

सहा वर्षांपूर्वी रद्द केलेली जकात याच दारानं परत आली. फरक एवढाच, की तिचा पैसा आता सरकारी खजिन्यात न जाता गावातच राहू लागला. बंगालमधल्या नगरपालिका मुख्यतः घरपट्टीवर चालल्या, आपल्याकडच्या जकातीवर. महाराष्ट्रातल्या लहान शहराचा इतिहास त्याच्या वेशीवरच्या नाक्यावर घडला, असं मी म्हणते ते या अर्थानं.

माझे वडील नाकेदार होते. आडवा बांबू, एक खोली, तराजू, दरपत्रक आणि पावतीपुस्तक एवढाच त्यांच्या नाक्याचा पसारा होता. गुळाच्या ढेपा, शेंगांची पोती, हळद, तेलाचे डबे, कापडाचे गठ्ठे, जळण यांतल्या काही मालाची जकात वजनावर असे, काहीची किमतीवर. गावात विकायला आलेल्या मालावर ती भरायची. नुसता गावातून पुढे जाणारा माल असेल तर बाहेरच्या नाक्यावर पावती दाखवून परतावा घ्यायचा. पहाटे भाजीच्या गाड्या येत म्हणून वडील रात्रपाळीतही जागेच असत. पावतीची स्थळप्रत आणि दिवसाची रोकड जुळल्याशिवाय त्यांनी कधी नाका सोडला नाही. हा पैसा गावच्या नळाचा आहे, असं ते म्हणायचे.

जकात गावांना सोयीची का वाटली, हे त्या नाक्यावर समजत असे. गाडीवान पैसे मोजत होता, दुकानदार ते मालाच्या किमतीत मिळवत होता आणि गिऱ्हाइकाला पत्ताही नसे. कुणाच्या दारात जाऊन मागावं लागत नसे. पण यातच एक मोठा अन्यायही होता. धान्य, तेल आणि जळण घेणारं प्रत्येक घर जकात भरत होतं. रस्ता झाडणाराही भरत होता आणि विधवा मोलकरीणही भरत होती. पुढे मतदानाचा हक्क आला तेव्हा तो मालमत्ता, कर आणि प्रतिष्ठा यांच्या अटींनी बांधला गेला. पैसा सगळ्या गावानं द्यायचा आणि निर्णय मूठभरांनी घ्यायचा, ही विषमता लहान शहरांच्या कारभारात अगदी सुरुवातीलाच शिरली.

खुर्चीवर कोण?

१८५० च्या कायद्यानं गावाला विचारलं, पण खुर्ची दिली नाही. समितीतले रहिवासी सरकार नेमणार आणि त्यांच्या मधोमध अधिकारी बसणार. ज्या कलेक्टरच्या कचेरीवर आपलं वतन, आपला दावा अवलंबून आहे, त्याच्यासमोर बसून गावातला कोणता सावकार वेगळं मत देईल? सभा व्हायच्या, ठराव सर्वानुमते व्हायचे. सर्वानुमते हा शब्द मी हजारो ठरावांत वाचला आहे. काही ठिकाणी तो एकमताचा असतो, काही ठिकाणी धाकाचा.

१८७० साली लॉर्ड मेयोच्या सरकारनं काही खाती प्रांतांकडे सोपवली. शिक्षण, आरोग्य, रस्ते यांत स्थानिक लोकांनी लक्ष घालावं आणि पैसाही उभा करावा, असा त्यामागचा विचार होता. १८७३ साली मुंबई इलाख्याला नगरपालिकांचा नवा कायदा मिळाला. त्यानं गावांचे दोन वर्ग केले. किमान २,००० वस्तीच्या गावाला टाउन म्युनिसिपालिटी आणि किमान १०,००० वस्तीच्या गावाला सिटी म्युनिसिपालिटी. आज महाराष्ट्रात एक लाखाच्या वरची ‘अ’ वर्ग, ४०,००० ते एक लाख ‘ब’ वर्ग आणि त्याखालची ‘क’ वर्ग नगरपरिषद असते. वस्तीवरून शहराचा दर्जा ठरवण्याची रीत तेव्हापासून चालत आली आहे. १८७३ नंतरही छोट्या गावांतले सभासद नेमलेलेच राहिले आणि सूत्रं कलेक्टरच्या हातून सुटली नाहीत.

नेमलेल्या सभासदानंही ताठ मानेनं बोलावं कसं, याचा दाखला पुण्यात आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेनं १,००० रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रस्ताव मंजूर झाला, पण विरोधाची नोंद राहिली. ज्यांच्या नियुक्तीवर जागा टिकून आहे, त्यांच्याच पाहुण्याच्या स्वागताला नकार देणं सोपं नव्हतं. गावचा पैसा कुणासाठी, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत त्यांनी इतक्या स्पष्टपणे विचारला.

१८८२ च्या १८ मे रोजी लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव काढला. त्यात त्यानं एक धाडसी गोष्ट मान्य केली. लोकांच्या हाती कारभार दिल्यानं तो लगेच सुधारेल, या अपेक्षेनं हे करायचं नव्हतं. लोकांना राजकीय शिक्षण मिळावं, हा मुख्य हेतू होता. मंडळात सरकारी माणसं एक तृतीयांशाहून जास्त नसावीत, शक्य तिथे अध्यक्ष बिनसरकारी असावा आणि सरकारनं देखरेख ठेवावी ती आत बसून नव्हे, बाहेरून, असं ठरावाचं सूत्र होतं. मुंबई इलाख्यात त्यातून १८८४ चा कायदा आला आणि किमान निम्मे सभासद निवडून येण्याचा मार्ग खुला झाला. प्राथमिक शाळांची जबाबदारीही आता नगरपालिकांकडे आली. गावातली मुलं शिकतात की नाहीत हा गावाचा विषय झाला. नगरपालिकेची मराठी शाळा नंबर एक, नंबर दोन ही नावं अनेक गावांत आजही ऐकू येतात.

कायद्यातला माणूस

मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांच्या १९०१ च्या कायद्यात एक तरतूद आहे, जी वाचताना सामान्य माणूस पान उलटून पुढे जाईल. प्रत्येक नगरपालिका ही एक संस्था असेल, तिला स्वतःचं नाव असेल, अखंड परंपरा असेल, शिक्का असेल, ती मालमत्ता बाळगू शकेल, दावा लावू शकेल आणि तिच्यावर दावा लावता येईल. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं नगरपालिका हा एक माणूसच आहे. सभासद बदलतात, अध्यक्ष मरतात, पण हा माणूस मरत नाही. रस्ते, गटारं, सार्वजनिक तलाव त्याच्या नावावर असतात, म्हणजे सगळ्या गावाच्या नावावर असतात.

या तरतुदीचं वजन किती, ते महाडनं दाखवलं. सावित्रीकाठचं हे व्यापारी बंदर आणि रायगडाची बाजारपेठ. तिथली नगरपालिका १८६० च्या दशकातली. सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात ठराव आणला, की सरकारी आणि सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायलं. त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दावा लावला, की तळं आमचं आहे आणि इतरांनी तिथे न येण्याची रूढी पूर्वापार आहे.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो फेटाळला. तळं ही वादींची खासगी मालकी ठरली नाही, ते नगरपालिकेच्या ताब्यातलं होतं. आणि ज्या रूढीचा हवाला दिला होता, ती अनादि काळापासूनची असल्याचं सिद्ध झालं नाही. आंबेडकरांच्या बाजूनं लढणाऱ्यांनी केवळ दयेचं आवाहन केलं असतं तर न्यायालयानं ते कितपत ऐकलं असतं? तळं कुणाचं, या साध्या प्रश्नाला कायद्याकडे उत्तर होतं, म्हणून लढा उभा राहू शकला. रस्ते-गटारांसाठी आखलेल्या एका जुन्या चौकटीत समतेच्या लढ्यालाही जागा मिळाली.

महाडची हीच गोष्ट दुसरं दुखणंही दाखवते. ठराव करणारी आणि फिरवणारी नगरपालिका एकच होती. त्या सभागृहात पाण्यासाठी तहानलेल्या वस्त्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. ज्या लोकांनी डोक्यावरून मैला वाहिला, ज्यांच्या कामासाठी कायद्यात हलालखोर कर नावाची वेगळी बाब होती, त्यांना त्या कराबद्दल कुणीच विचारत नव्हतं. शहरं स्वच्छ ठेवली त्यांनीच, पण सभागृहात त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. नगरपालिकांचा इतिहास अभिमानानं सांगायचा तर हाही त्याच वाक्यात सांगायला हवा.

आजची हरकत

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना राज्यघटनेत जागा दिली. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात महिलांच्या जागा पुढे निम्म्या झाल्या. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असं घटना सांगते. १८५० साली ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्या घरांमधल्या बायका नगराध्यक्ष झालेल्या मी पाहिल्या. त्यांच्या सहीचे ठराव मी फायलीला लावले. त्यातल्या काहींनी वॉर्डातली एक-एक गल्ली पायी तुडवून नळाच्या जोडण्यांची यादी स्वतः केली होती.

दुसरीकडे दोन गोष्टी मला सलतात. पहिली पैशाची. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली. गाड्यांच्या रांगा गेल्या, त्रास गेला, ते चांगलंच झालं. पण तिच्या जागी सरकारचं सहायक अनुदान आलं आणि गावाचा स्वतःचा पैसा पुन्हा वरून येणाऱ्या हप्त्यावर अवलंबून राहिला. पगार कधी होणार हे अनुदानाच्या तारखेवर ठरू लागलं. जे गाव स्वतः कर बसवून उभं राहिलं, ते मागणारं झालं.

दुसरी गोष्ट खुर्चीची. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपरिषदांची मुदत २०२१ आणि २०२२ च्या सुमाराला संपली आणि २०२५ च्या अखेरीपर्यंत निवडणुका झाल्या नाहीत. कारणं न्यायालयातली होती, आरक्षणाची होती, पण परिणाम एकच झाला. वर्षानुवर्षं प्रशासकानं ठराव केले, प्रशासकानंच ते मंजूर केले. सूचक तोच आणि अनुमोदकही तोच. अनेक प्रशासकांनी कामं चांगली केली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण १८५० ची समिती आणि हा कारभार यांत फरक किती उरला? तेव्हा निदान नेमलेले का होईना, गावचे चार लोक समोर बसत होते. आणि लोकांना याचा राग आलेला मला फारसा दिसला नाही, हे मला जास्त लागतं.

आपली नगरपालिका म्हणजे रिपननं म्हटलेली शाळा आहे, असं मी मानते. त्या शाळेत आपण गैरहजर राहिलो तर कारभार दुसरं कुणीतरी चालवतंच. घरपट्टीची नवी आकारणी निघाली, की लोक टेबलाशी येऊन तावातावानं बोलतात, पण लेखी हरकत द्यायला दहा जणही पुढे येत नाहीत. सुनावणीच्या दिवशी अधिकारी वाट पाहतात आणि रजिस्टरची पानं कोरी राहतात. अंदाजपत्रक सभेपुढे येतं तेव्हा प्रेक्षकांच्या बाकावर कुणी नसतं.

म्हणून वाचकांना माझं सांगणं साधं आहे. आपल्या नगरपरिषदेची स्थापना कोणत्या साली झाली ते शोधा. या वर्षीच्या अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या आणि आपल्या वॉर्डासाठी काय धरलं आहे ते बघा. विकास आराखडा किंवा आकारणीची नोटीस लागली, की मुदत संपण्याआधी एका पानावर, नावानिशी, मुद्देसूद हरकत लिहा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. सुनावणीला जा. निवडणूक लांबली तर त्याचीही हरकत घ्या, मोठ्यानं घ्या. कर देण्याची तयारी दाखवून आपल्या आधीच्या पिढ्यांनी हा बोलण्याचा हक्क मिळवला. कर आपण आजही भरतो, मग हक्क का सोडायचा?